दुपारी साडेतीनची फायनल

२० ऑगस्ट २०२३. रविवार, दुपारी साडेतीन. सिडनीत वर्ल्ड कपची फायनल, स्पेन विरुद्ध इंग्लंड, मैदानात पंचाहत्तर हजारांवर माणसं. आपल्याकडे जेवणं उरकलेली. नागपंचमी आणि निज श्रावणातला पहिला सोमवार दुसऱ्या दिवशी; त्या दुपारी कुणाला कुठे जायची घाई नव्हती. सामना डीडी स्पोर्ट्सवर, फुकट. आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तो लागला होता एका घरात. संध्याकाळी मी खाली उतरून मुद्दाम विचारलं. वरचे झोपले होते. शेजारचे जुना सिनेमा बघत होते. समोरच्या इमारतीतल्या फुटबॉलवेड्या पोराला आज फायनल आहे हेच ठाऊक नव्हतं.

खेळत होत्या मुली. दुसरं काही कारण नाही.

त्याच्या आठ महिने आधी, १८ डिसेंबर २०२२ ला, याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लागला होता. गाड्या बाहेर रस्त्यावर, मंडपवाल्याकडून आणलेल्या खुर्च्या, नाशिकची थंडी म्हणून कोपऱ्यात शेकोटी. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती तोवर लोक गप्पा मारत होते. मग एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल मारले आणि पार्किंग चिडीचूप झालं. जादा वेळ संपता संपता कोलो मुआनीचा फटका एमिलियानो मार्तिनेझने पाय लांबवून अडवला, तेव्हा झालेला ओरडा आनंदवलीपर्यंत गेला असेल. ३-३, मग पेनल्टीवर ४-२. सव्वाअकरा वाजून गेले होते, दुसऱ्या दिवशी शाळा होती, पण एकाही आईने पोराला ओढत वर नेलं नाही. फार सुंदर रात्र होती ती. म्हणूनच ऑगस्टमधली ती दुपार मला सहन होत नाही.

कारण मी आधी विचारलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, फायनल आहे, पडदा लावू या का? उत्तर आलं, 'ताई, लेडीज मॅच कोण बघणार?' आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

आमच्या घरात फुटबॉल आला १९८६ साली. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, शटरचा. गंगापूर रोडवर केटीएचएम कॉलेजपर्यंत काय ती वर्दळ. आनंदवलीच्या पुढे द्राक्षबागा आणि धरणाकडे जाणारी एसटी. मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपची अर्जेंटिना-इंग्लंड मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली, फायनलही साडेअकरालाच. आमचे वडील, अण्णा, आणि शेजारचे पुरुष बैठकीच्या खोलीत, आम्ही मुलं पुढे जमिनीवर, आजी सोफ्याच्या टोकाला. आणि आई स्वयंपाकघराच्या दारात. उभी. एक खांदा चौकटीला टेकलेला, हातात ओलं फडकं. इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने मारलेला गोल तिने तिथून पाहिला. चारच मिनिटांनी तो आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला आणि वाटेत येईल त्याला चकवत थेट गोलपर्यंत गेला. तो गोल आईचा हुकला, कारण बैठकीतून कुणीतरी पाणी मागितलं होतं. साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेला तो गोल आईने पहिल्यांदा पाहिला तो नातीच्या फोनवर, पस्तीसएक वर्षांनी.

फायनलला पश्चिम जर्मनीने दोन गोल फेडून २-२ केलं. सामना संपायला थोडीच मिनिटं उरलेली, मॅराडोनाभोवती जर्मनांचा गराडा. आई दारातून म्हणाली, 'अहो, तो उजवीकडचा मोकळा आहे.' कुणी मान वळवली नाही. मॅराडोनाने मात्र पास नेमका तिकडेच दिला आणि बुरुचागाने गोल केला. बैठक उड्या मारायला लागली. आई चहा टाकायला आत गेली.

फुटबॉल कळणारं आमच्या घरातलं पहिलं माणूस आई होती, हे मी आज ठामपणे सांगते. मागे उभं राहिल्यामुळे तिला अख्खं मैदान दिसायचं, चेंडूच्या मागे डोळे धावायचे नाहीत. तिला बसायला जागा असती तर आम्ही सगळेच या खेळातलं जास्त शिकलो असतो.

आजीचा कायदा वेगळा होता. जो हरतोय तो आपला. १९९० मध्ये कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला हरवलं, तेव्हा अण्णांनी दुसऱ्या दिवशी कुणाशी धड बोलणं टाकलं होतं. आजी मात्र अडतिशीच्या रॉजर मिलावर बेहद्द खूश. गोल केल्यावर कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ नाचणारा हा माणूस तिने घरचाच मानला. इंग्लंडने उपांत्यपूर्व सामन्यात कॅमेरूनला ३-२ हरवलं, त्यातले दोन गोल पेनल्टीचे. मध्यरात्र उलटून गेली होती. आजी उठली, म्हणाली, 'हे काही खरं नाही,' आणि देवापुढचा दिवा बघायला गेली.

मला मुलगी झाली, ती थोडी मोठी झाली, तेव्हा वर्ल्ड कपच आपल्याकडे आला. २०१७ चा सतरा वर्षांखालील मुलांचा. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात. कसारा घाट उतरून आम्ही स्पेन-मालीची उपांत्य फेरी बघायला गेलो. मालीच्या मुलाचा फटका आडव्या दांडीला लागून रेषेच्या आत पडला, आमच्या डोळ्यांदेखत पडला, आणि पंचांनी गोल दिला नाही. स्पेन ३-१ जिंकलं. मुलगी परतीच्या वाटेवर इगतपुरीपर्यंत मालीच्या बाजूने भांडत होती. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचा कायदा गाडीत मागच्या सीटवर शाबूत होता.

त्या स्पर्धेत भारताची मुलं तिन्ही सामने हरली. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता, अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता. जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध हेडरने मारलेला गोल हा फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. पोरं हरली तरी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि ते योग्यच होतं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी राज्य सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रमही केला होता.

२०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला. आपल्या मुलीही तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. त्या आठ गोलांवर आलेले विनोद माझ्या फोनवर अजून आहेत. मी ते पुसलेले नाहीत. पाठवणाऱ्यांत ते लोकही आहेत ज्यांनी २०१७ मध्ये घानाच्या चार गोलांनंतर 'पोरांनी जीव तोडला हो' असं लिहिलं होतं. मुलींनी काय कमी तोडला होता?

त्या वर्ल्ड कपची फायनल डी. वाय. पाटीललाच होती, ३० ऑक्टोबरला, दिवाळीनंतरच्या रविवारी. मी, मुलगी आणि आई. आईने चकली आणि चिवडा डब्यात भरून घेतला होता, तो गाडीतच ठेवावा लागला. आत बसल्यावर तिने पाहिलं, आपण तिसऱ्या रांगेत आहोत, समोर कुणी उभं नाही. 'इथून सगळं दिसतं गं,' एवढंच म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. आम्ही तिघी अर्थात कोलंबियाच्या. मुलीने त्या दिवशी लिंडा कायसेदो डोळे भरून पाहिली. पंधराव्या वर्षी कॅन्सर झालेली, त्यातून उठलेली, चेंडू पायाशी आला की समोरच्या खेळाडूला आधी थांबवून मग पळणारी मुलगी.

पुढच्याच वर्षी, ३० जुलै २०२३ ला, तीच कायसेदो मोठ्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध उतरली. तोही रविवार, आपल्याकडे दुपारचे तीन. पेनल्टी बॉक्समध्ये दोन जर्मन अंगावर आल्या. तिने एका हिसक्यात दोघींच्या मधून चेंडू काढला आणि वरच्या कोपऱ्यात मारला. माझी मुलगी घरभर धावली. 'ममा, हिला मी बघितलंय! हिला मी समोर बघितलंय!' जर्मनीने अगदी शेवटी पेनल्टीवर बरोबरी केली, तरी भरपाईच्या वेळेत कोलंबियाने दुसरा गोल मारून २-१ ने सामना नेला. १९८६ ची आमची बैठक रंगीत टीव्हीवर पुन्हा भरल्यासारखं वाटलं, फक्त या वेळी आई सोफ्याच्या मधोमध होती.

आता 'दर्जा' म्हणणाऱ्यांशी थोडं. बायकांच्या फुटबॉलला दर्जा नाही, वेग नाही, असं सांगणारे लोक मला गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी भेटतात. त्यातल्या कुणी ६ फेब्रुवारी २०२२ चा आशियाई चषकाचा अंतिम सामना पाहिलेला नाही. तोही डी. वाय. पाटीललाच झाला. चीन मध्यंतराला ०-२ ने मागे होतं आणि दक्षिण कोरियाला ३-२ हरवून जिंकलं, तिसरा गोल भरपाईच्या वेळेत. याच स्पर्धेत आपल्या मुली इराणशी ०-० खेळल्या आणि दुसऱ्या सामन्याआधी संघात कोरोना शिरला. तेरा जणीही उभ्या राहीनात. सामना रद्द, स्पर्धेतून बाहेर, तेही आपल्याच देशात. यजमान संघाच्या वाट्याला इतकी क्रूर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. पुरुषांच्या संघाचं असं झालं असतं तर नाक्यानाक्यावर महिनाभर तेच बोललं गेलं असतं. इथे आठवड्याभरात विषय संपला.

'आपल्या मुली नाहीत ना त्या फायनलमध्ये,' हे दुसरं उत्तर. मेस्सीही आपला नाही. तो रोझारिओचा. तरी पार्किंगमध्ये त्याच्यासाठी मोठी माणसं रडली, आणि मला ती आवडली. परक्या माणसासाठी रडता येणं ही या खेळाची सगळ्यांत मोठी देणगी आहे. ती फक्त पुरुषांपुरती का राखायची?

सिडनीतल्या फायनलकडे येते. स्पेनच्या ओल्गा कार्मोनाने एकोणतिसाव्या मिनिटाला डाव्या पायाने जमिनीलगत फटका मारला, चेंडू लांबच्या खांबाच्या आतून गेला. तोच एक गोल, त्यावरच वर्ल्ड कप. दुसऱ्या सत्रात इंग्लंडच्या मेरी अर्प्सने पेनल्टी पकडली तेव्हा आई म्हणाली, 'बघ, ही आधी हलली नाही.' आणि सामना संपल्यावर बातमी आली की कार्मोनाचे वडील दोन दिवसांपूर्वीच वारले होते. घरच्यांनी तिला फायनल होईपर्यंत कळू दिलं नव्हतं.

त्यावर आमच्या घरात संध्याकाळभर वाद झाला. आई म्हणाली, बरं केलं, एवढ्या वर्षांचे कष्ट होते. मुलगी म्हणाली, 'आजी, तिचे बाबा होते. तिला विचारायला हवं होतं.' आई गप्प झाली, मग म्हणाली, 'माझे वडील गेले तेव्हा मला दोन दिवसांनी कळवलं होतं. मी बाळंतीण होते म्हणून. मला अजून वाटतं, सांगायला हवं होतं.' ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. अण्णांनाही ती माहीत होती की नाही, आता विचारता येत नाही.

सामन्यापाठी घरात असं बोलणं निघतं, म्हणून सगळ्यांनी एका पडद्यासमोर बसायचं असतं. जो तो आपापल्या फोनवर गोल बघतो तेव्हा गोल कळतो, एवढंच. ज्या घरात मुलगी आहे त्या घरातल्या आजोबांनी, बापाने, काकाने तिच्याबरोबर नव्वद मिनिटं बसून मुलींचा सामना पाहिला, तर तिला वेगळं भाषण द्यावं लागत नाही. आणि मुलगा असेल तर त्याला हे दाखवणं जास्तच गरजेचं. माझा भाचा मेस्सीचा दहा नंबर घालून झोपतो. त्याच्या खोलीत स्पेनची आयताना बोनमाती अजून पोचलेली नाही. २०२३ च्या त्या स्पर्धेतली ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिचं नाव त्याला मी सांगितलं, त्याच्या शाळेने नाही, त्याच्या मित्रांनी नाही.

पुढचा महिला वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये आहे, २४ जून ते २५ जुलै २०२७. दक्षिण अमेरिकेत तो पहिल्यांदाच होतोय. तिकडच्या वेळा म्हणजे आपल्याकडे रात्रीचं जागरण. त्याची आपल्याला १९८६ पासून सवय आहे. जुलैत नाशकात पाऊस असतो, पण पार्किंगवर छत आहे. मी ग्रुपवर पुन्हा विचारणार आहे. या वेळी हो म्हणा. पडदा लावा, मंडपवाल्याला सांगा, पहिली रांग सोसायटीतल्या आयांसाठी आणि आज्यांसाठी ठेवा, आणि त्या रात्रीचा चहा पुरुषांनी करा.