कागदपारखी काकू

दुकानावर 'फ्लॅट ५० टक्के' अशी पाटी लागली की चारचौघांना आनंद होतो. काकूंना संशय येतो. त्यांच्या लेखी सवलत म्हणजे दुकानदाराने स्वतःहून दिलेला कबुलीजबाब. गुन्हा काय, तेवढंच शोधायचं बाकी असतं.

अशा एक काकू पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतातच. बँकेतून निवृत्त, मुलगा-सून परगावी, आणि नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या निमित्ताने स्क्रॅपबुकचा नाद लागलेला. पुढे त्याच हातांतून कुणाची साठी, कुणाची मुंज, भाचीचं डोहाळजेवण असे अल्बम निघत जातात. पण अल्बम निमित्ताला. खरा रंग चढतो तो रविवार पेठेत, बोहरी आळीत, किंमत उतरवलेल्या गठ्ठ्यांपुढे.

काकू आधी कागदाकडे बघतच नाहीत. आधी स्टिकर. नव्या किमतीची चिठ्ठी नखाने अलगद उचलून खालची जुनी किंमत वाचतात. कधी तिच्याही खाली तिसरी निघते, आणि ती आजच्या सवलतीच्या किमतीपेक्षा कमी असते. त्यावर काकू काही बोलत नाहीत. नुसत्या शेठकडे बघतात. शेठ पंखा मोठा करतात.

मग पर्समधून काटा निघतो. तळहाताएवढा, घरी मसाले तोलायचा. पाकिटावर २०० जीएसएम छापलेलं असतं. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम, हे गल्ल्यावरच्या पोराला ठाऊक नसतं. काकूंना बारा इंची चौकोनी तावाचा हिशेबही तोंडपाठ.

"चोवीस ताव. साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत. भरले तीनशे साठ. हा एकशे साठचा कागद आहे, शेठ."

"ताई, पावसाळ्यात कागद हलका होतो."

"पावसाळ्यात कागद पाणी पितो. जड होतो."

शेठ पंखा आणखी मोठा करतात.

यानंतरचा भाग पाहायला आळीतली इतर गिऱ्हाइकंही थांबतात. काकू ताव आधी उभा, मग आडवा अलगद वाकवतात. ज्या बाजूने कमी कुरकुरतो ती तंतूंची दिशा. घडी तिकडेच घालायची, नाहीतर कार्डाच्या पाठीवर भेगा पडतात. मग बोट ओलं करून कोपऱ्यावर घासतात. बोटाला गुलाबी लागलं, तर तो कागद फेव्हिकॉलला भेटताच रंग सोडणार. मग कोपरा किंचित फाडतात. आत पांढरं दिसलं की रंग नुसता वरवरचा, अंगभर मुरलेला नाही. (कडा घासून जुनाट दिसणारं काम करायचं असेल तर पांढऱ्या पोटाचाच कागद लागतो. ही गोष्ट काकू भाव ठरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत.)

'ॲसिड फ्री' या शिक्क्यावर तर त्यांचा विश्वासच नाही. भाच्याने परदेशातून आणलेला एक मार्कर त्यांच्याकडे आहे. त्याची रेघ जांभळी उमटली तर कागदात आम्ल नाही, पिवळी राहिली तर आहे. रेघ पुसली जात नाही. त्यामुळे तपासणी झाली की "यावर रेघ आहे" म्हणून आणखी दहा रुपये कमी करून घेण्याची सोय होते. हे मला गैर वाटतं, पण मी त्यांची पिशवी धरायला गेलेली असते, न्यायनिवाडा करायला नाही.

आम्लाबाबतीत मात्र त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. लाकडाच्या लगद्यात लिग्निन उरलं की ऊन आणि हवा लागून कागद पिवळा पडतो. खिडकीत विसरलेल्या वर्तमानपत्राचं तेच होतं. कागदातलं आम्ल फोटोलाही सोडत नाही. काकूंच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो स्वस्त पुठ्ठ्यावर चिकटवलेले होते. आता त्यात नवरदेव कावीळ झाल्यासारखे दिसतात. काका म्हणतात, तेव्हा खरंच तब्येत बरी नव्हती.

त्यांच्या मनातला आदर्श कागद शिवाजीनगरचा. तिथे १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद, लिग्निन जवळजवळ नाहीच. काकू तिथे जातात, ताव गालाला लावून पाहतात, कौतुक करतात आणि रिकाम्या हाताने परततात. निर्दोष कागद पूर्ण किमतीला घेण्यात कसब ते काय?

कारण काकूंचा खरा नियम उलटा आहे. दोष सापडला की त्या खूश होतात, आणि घेतात. नाताळ सरल्यावर उतरलेला, मागे लाल ठिपके आणि पुढे बर्फातली झाडं असलेला गठ्ठा त्यांनी असाच उचलला आणि पुतण्याच्या मुंजीच्या अल्बमला लावला. कुणी विचारलं तर देवदार हिमालयात असतात आणि बटू तपश्चर्येला निघालाय. ग्लिटरचा कागद झडतो, म्हणून पाऊण किंमत कापून घेतला. महिनाभर काकांच्या वरणभातात चमक होती. काकूंच्या दिवाणाखाली असा सगळ्या प्रकारच्या गुन्हेगारांचा तुरुंगच भरला आहे.

पंचाईत होते ती दोष न सापडल्यावर. परवा एक मोतिया गठ्ठा वजनाला पुरेपूर भरला. रंग सोडेना, घडीवर तडकेना, पोटातूनही मोतियाच. मार्करची रेघ जांभळीजर्द. किंमत अर्धी.

"कमी का केलीत?" काकूंचा आवाज खाली आला.

नवा पोरगा भाबडेपणाने म्हणाला, "माल जास्त आला, मावशी. बाकी एकदम ओके आहे."

झालं. काकूंनी गठ्ठा खाली ठेवला. इतका वेळ लपून राहणारा दोष फारच भयंकर असणार, असा चेहरा करून त्या समोरच्या फितींकडे वळल्या.

शेठ गल्ल्यावरून उठले. त्यांनी वरच्या तावाचा कोपरा हलकेच दुमडला, गठ्ठा परत जागेवर ठेवला आणि पोराला म्हणाले, "आता मोठ्याने सांग, डॅमेज आहे म्हणून."

काकूंनी त्या मोतिया कागदाचे दुकानात होते तेवढे चारही गठ्ठे घेतले. कोपऱ्याचे पाच रुपये वेगळे कापून.