चालतंय ना, मग?

मुलुंडला एका हिशेबनिसांच्या ऑफिसात बऱ्याच सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं निघतात. ती काढणारा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला आहे. ही भाषा मायक्रोसॉफ्टने १९९८ साली आणली आणि ८ एप्रिल २००८ रोजी तिच्या अवजारांवरून हात काढून घेतला. प्रोग्रॅमला हे कोणी कळवलं नाही. तो आजही महिन्याच्या एक तारखेला उठतो, बिलं काढतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला कामाला लावतो. तो प्रिंटर सुरू झाला की ऑफिसात फोनवर बोलणं थांबतं.

सभासदांना आता बिल मोबाइलवर हवं, पैसे यूपीआयने भरायचेत. म्हणून हा सगळा संसार मायक्रोसॉफ्टच्याच नव्या डॉट नेटवर हलवायचं काम आमच्या अंधेरीच्या ऑफिसकडे आलं. हिशेबनिसांना सगळे काका म्हणतात, आम्हीही म्हणतो. पहिल्याच बैठकीत काकांनी विचारलं, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" आमच्या धंद्यातल्या भल्याभल्यांना या प्रश्नाचं धड उत्तर सुचलेलं नाही. आम्हीही "सिक्युरिटी" वगैरे पुटपुटलो आणि चहा घेतला.

पूर्वी व्हिज्युअल स्टुडिओबरोबर जुन्या प्रोग्रॅमचं नव्यात रूपांतर करणारा एक विझार्ड फुकट मिळायचा. २०१०च्या आवृत्तीपासून तोही गेला. तेव्हा जुना कोड ओळीने वाचण्याला पर्याय नाही. आणि वाचायला बसलं की कळतं, हा प्रोग्रॅम नसून सरकारी आदेशांचा थर आहे. १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने बिनभोगवटा शुल्काला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, ती एका कोपऱ्यात बसलेली. पुढे सेवाकर १२.३६ टक्के. जून २०१५ मध्ये तो १४ झाला, नोव्हेंबरात स्वच्छ भारतचा अर्धा टक्का आला, पुढच्या जूनमध्ये कृषी कल्याणचा आणखी अर्धा. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर हे सगळे कर मेले, पण कोडमधून एकही हलला नाही. प्रत्येकाभोवती एक अट आणि अटीसमोर एकच शेरा: 'काढू नये'. लिहिणारा केव्हाच अमेरिकेला गेला. तिथे तोही कुणाच्या तरी जुन्या कोडमध्ये 'काढू नये' वाचत बसला असेल.

एका ओळीने आम्हाला फार छळलं. एका सोसायटीच्या ७०३ नंबरच्या फ्लॅटला थकबाकीवर व्याज लावायचं नाही, असं ती ओळ सांगत होती. आदर्श उपविधी थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज घेऊ देतात. बाकी सगळ्यांना ते नियमाने लागतं. ७०३च एवढा लाडका का? काकांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं. "सहकारी न्यायालयात केस होती. निकाल लागेपर्यंत व्याज थांबवलं होतं."

"मग निकाल?"

"लागला की. कधीच लागला. मग तो फ्लॅट विकला. मग परत विकला."

म्हणजे दोन मालक बदलले, तरी कोर्टाची स्थगिती त्या घरात भाडं न देता राहत होती. आताच्या मालकाला वाटत असणार की आपल्या सोसायटीची कमिटी मोठी दिलदार आहे. असली गोष्ट कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसते. ती काकांच्या डोक्यात असते, आणि काकांचं वय झालंय. काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच होतं. ते तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं, इतकंच.

व्हिज्युअल बेसिकमध्ये, म्हणजे व्हीबीत, एक आज्ञा होती: 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. चूक झाली तरी थांबू नका, पुढच्या ओळीवर जा. सव्वानऊची घाटकोपर मेट्रो पकडणाऱ्यांना ती वेगळी शिकवावी लागत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये ही आज्ञा पानोपानी होती. ती काढल्यावर इतकी वर्षं निमूट गिळलेल्या चुका एकेक करून बोलायला लागल्या.

जुनं एका रात्रीत बंद करून सकाळी नवं सुरू करायचं, असा उत्साह तरुण मुलांना असतो. त्यांना मी लोकलचं उदाहरण देतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. ती बदलून २५,००० व्होल्ट एसी करायचं काम पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपर्यंत २०१२ साली पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ला, हार्बरवर २०१६ला. त्या काळात लोकल बंद नव्हती. दोन्ही विजांवर चालणारे रेक आणले आणि हद्द रात्रीच्या ब्लॉकमध्ये थोडी थोडी पुढे सरकवली. हद्द ओलांडताना डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे आणि चौथ्या सीटवरचा माणूस झोपेतच मान वर करायचा. तेवढीच काय ती प्रवाशांना झळ.

आम्हीही तेच केलं. काही महिने दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवले आणि बिलं ताडून पाहिली. सगळं जुळलं, फक्त मध्येच कुठे एक रुपयाचा फरक. व्याज १२ रुपये ५० पैसे झालं की जुनं बिल १३ म्हणायचं, नवं १२. पण १३.५० झालं की दोघांचंही १४! दोन दिवस भुताटकी वाटली. कारण साधं होतं. जुन्या प्रोग्रॅमने पूर्णांक करायला 'फॉरमॅट' वापरलं होतं, ते अर्ध्याला नेहमी वर ढकलतं. डॉट नेटचं 'राऊंड' वेगळं काही सांगितलं नाही तर जवळच्या सम संख्येकडे जातं. बँकांच्या हिशेबात ही पद्धत रास्त मानतात, कारण सतत वर ढकलत गेलं तर बेरीज फुगते.

हे शास्त्र मी काकांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर असेल तुमचं. पण एकाचा रुपया कमी झाला आणि शेजाऱ्याचा नाही झाला, तर वार्षिक सभेत उत्तर कोण देणार? तुम्ही येणार?"

आम्ही जुनी पद्धत परत आणली. सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे मायक्रोसॉफ्टचं काही चालत नाही.

७०३चं व्याज मात्र अजून सुरू झालेलं नाही. तो विषय कमिटीसमोर ठेवलाय आणि कमिटीने पुढच्या बैठकीत ढकललाय. त्यामुळे ती ओळ नव्या कोडमध्येही आहे, पण आता समोर कारण लिहिलंय.

राहता राहिला मायक्रोसॉफ्टचा आधार. व्हीबी ६चे प्रोग्रॅम चालवणारा भाग मायक्रोसॉफ्ट आजही विंडोजबरोबर देते, त्यामुळे काकांचा जुना प्रोग्रॅम विंडोज ११वरही उघडतो. आम्ही त्याला ज्या डॉट नेट ८वर आणून बसवलं, त्याचा आधार १० नोव्हेंबर २०२६ रोजी संपतो.