शनवाऱ्याचा श्रवणबाळ

शनवाऱ्याच्या चौकात उभं राहून कुणी नुसतं "हूं" म्हणालं, तरी बऱ्हाणपुरात त्याचे तीन अर्थ निघतात. रिक्षावाल्याला वाटतं, भाडं ठरलं. भाजीवाल्याला वाटतं, भाव पटला. आणि आमच्या गल्लीला कळतं की भाऊंच्या कानात कुणीतरी गोष्ट सांगतंय आणि ती रंगात आली आहे.

भाऊंना गल्लीत श्रवणबाळ म्हणतात. नाव ठेवलं ते त्यांच्या आत्याबाईंनी. आत्याबाईंचं वय पंच्याऐंशी, नजर गेल्यात जमा, जीभ मात्र शाबूत. त्या म्हणतात, "तो पुराणातला श्रवणबाळ घागरीच्या बुडबुड आवाजानं मेला. आमचा हॉर्न न ऐकल्यानं मरेल." भाऊंना हे ऐकू जात नाही. दोन्ही कानांत पांढऱ्या शेंगदाण्यांएवढी बोंडं खोचलेली असतात, आणि त्यांतून पुण्याकडचा कुणी भारदस्त आवाजाचा माणूस त्यांना सकाळी सहापासून पुस्तकं वाचून दाखवत असतो.

भाऊंचं सुताचं दुकान आहे. गाव पॉवरलूमचं, त्यामुळे सूत खपतं. पण धंदा वाढत नाही, आणि त्याला कारण हा हुंकार. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा, ही सवय त्यांना लहानपणी आत्याबाईंनीच लावली. श्रावणात कहाणी ऐकताना मुठीत अक्षता आणि तोंडात "हूं". हुंकार थांबला की आत्या कहाणी थांबवायची. म्हणून भाऊ आजही मोबाइलमधल्या माणसाला प्रामाणिकपणे हुंकार देतात. एकदा गिऱ्हाईक समोर बसून भाव पाडत होतं. किलोमागे पाच कमी करा, "हूं". गाडीभाडं तुमच्याकडे, "हूं". पैसे दिवाळीनंतर, जरा लांब "हूंऽऽ". तिकडे कादंबरीत नायिकेचं लग्न मोडत होतं. भाऊंनी बोंडं काढली तोवर पोती हातगाडीवर चढली होती. "आपने हूँ बोला ना भाऊ, सौदा पक्का!" शनवाऱ्यात शब्दाला किंमत आहे. अक्षरसुद्धा लागत नाही, नाकातला वारा पुरतो.

हे वेड भाऊंना उशिरा लागलं. त्यामागे एक दुखरी जागा आहे, ती ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. आमच्याकडची, मध्य प्रदेशातली मराठी घरात जन्मते आणि उंबऱ्याशी थांबते. शाळा हिंदी, बाजार हिंदी-उर्दू, भांडण निमाडी. लिपी देवनागरीच, त्यामुळे मराठी वाचता येतं असं आम्ही छातीठोक सांगतो. पण पुस्तक हातात घेतलं की खडीच्या रस्त्यावर बैलगाडी चालल्यासारखं होतं. च आणि ज चे दोन-दोन उच्चार असतात हे छापील अक्षर सांगत नाही, त्यामुळे आम्ही "चांगलं"चं "च्यांगलं" करतो आणि जळगावचे सोयरे रुमालाआड हसतात. भाऊंनी लग्नात आलेली 'ययाति' तीन वेळा सुरू केली. तिन्ही वेळा ययातीला म्हातारपण येण्याआधी भाऊंना झोप आली. विनोद असा की देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना आमच्याच जिल्ह्यात, नेपानगरला. १९५६ साली नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. कागद आम्ही राष्ट्राला दिला, स्वतःसाठी ठेवला नाही.

मग एका दिवाळीत पुण्याचा भाचा आला आणि मामाच्या फोनमध्ये बोलकी पुस्तकं भरून गेला. स्टोरीटेल नावाच्या स्वीडिश कंपनीनं २०१७ च्या अखेरीस भारतात दुकान मांडलं आणि मराठी पुस्तकं वाचून घेण्याचा सपाटा लावला, तिथून ही हवा. म्हणजे बघा, भुसावळ आमच्यापासून रेल्वेनं तासाभरावर. पण मराठी कादंबरी शनवाऱ्यात पोचली ती स्टॉकहोममार्गे.

त्या दिवसापासून भाऊंची मोजमापं बदलली. पुस्तक किती पानांचं हे त्यांना ठाऊक नसतं. ते "अकरा तासांचं" असतं. लेखक कोण हेही बहुधा नसतं, वाचणारा कोण एवढं पक्कं असतं. "ही कादंबरी कुणाची हो?" असं विचारलं तर उत्तर येतं, "त्याचीच, ज्याचा आवाज जरा घोगरा आहे." एकाच वाचकानं दोन पुस्तकं वाचली की भाऊंच्या हिशेबी तो त्याच लेखकाचा दुसरा भाग. त्यामुळे अलीकडे त्यांच्या डोक्यात एका पेशवाईतल्या सरदाराचं पुण्याच्या उपनगरातल्या एका घटस्फोटित प्राध्यापिकेशी सूत जमलं आहे. मला ते तितकंसं वाईट वाटत नाही. दोघंही एकटे आहेत.

वेग वाढवता येतो हा शोध लागल्यावर भाऊ दीडपटीनं ऐकू लागले. दीडपटीची सवय झालेल्या कानाला जिवंत माणूस फार सावकाश वाटतो. वहिनी महिन्याचं सामान सांगायला लागल्या की ते बोटानं हवेत काहीतरी टिचकावतात. आम्हाला आधी वाटलं माशी असेल. मग कळलं, ते वहिनींना पळवत असतात. आणि आपण काही बोललो, ते त्यांना कळलं नाही, तर "काय म्हणालात?" असं न विचारता ते तर्जनीनं डावीकडे वळसा काढतात: पंधरा सेकंद मागे. मी आता मुकाट्यानं मागे जातो.

खुणेचा कागद ठेवायची सोय या पुस्तकांत नाही, म्हणून भाऊंनी सगळं गावच खूण म्हणून वापरलं. 'मृत्युंजय'मध्ये सहा जण आळीपाळीनं आपली बाजू सांगतात. त्यातली कुंती दुकानात बोलली. वृषाली गच्चीवर, वाळवणाला राखण बसले असताना. शोण रेल्वेच्या फाटकाशी, दुर्योधन दाताच्या डॉक्टरच्या बाकड्यावर. खुद्द कर्ण इतवाऱ्यात फिरून उधारी वसूल करताना. दानशूर माणूस कानात असल्यामुळे वसुली शून्य. श्रीकृष्ण सबंध बाजारभर होता. रथाचं चाक जमिनीत रुतलं तेव्हा भाऊ शनवारा दरवाजाखाली केळीच्या ट्रकमागे अडकले होते. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, पुढचा ट्रक हलत नव्हता आणि दरवाजाच्या कमानीत पंचावन्न वर्षांचा सुताचा व्यापारी डोळे पुसत उभा होता. आम्ही त्या कमानीखालून जाता-येता फक्त खड्डा चुकवतो. भाऊ अजूनही तिथं दोन क्षण थांबतात.

भाऊ सध्या कुठल्या जातीचं पुस्तक ऐकताहेत हे वहिनी चहाच्या कपावरून सांगतात. कप रिकामा, म्हणजे श्रीमंत कसं व्हावं याचं पुस्तक. ती पुस्तकं ते दुप्पट वेगानं ऐकतात आणि वाचलेला वेळ मावा जलेबीच्या दुकानात घालवतात. कप अर्धा, म्हणजे रहस्यकथा: सुहास शिरवळकर ऐकत होते तेव्हा पंधरवडाभर दूधवाल्याला त्यांनी बशी आधी प्यायला लावली. विनोदी कथेचा कप सांडतो. मिरासदारांची कथा ऐकत ते एका तेराव्याच्या पंगतीत बसले आणि वाढप्यानं बुंदी पुढे करताच फुटले. गेलेला माणूस वसुलीला कडक होता, त्यामुळे पंगतीतल्या बऱ्याच जणांना ते हसू मनापासून वाटलं. पण घरच्यांना ते कसं पटावं?

भयकथेचा कप भरलेलाच राहतो आणि त्यावर साय धरते. नारायण धारपांच्या वेळची रात्र मी स्वतः ऐकली आहे. परक्या माणसाला वाटेल की मागांच्या खटखटाटात आम्ही झोपतो कसे. आम्ही त्या खटखटाटामुळेच झोपतो. वीज गेली, माग थांबले की सगळा मोहल्ला दचकून उठतो. आमच्याकडे भीती आवाजाची नसते, आवाज थांबण्याची असते. त्या रात्री नेमकं भाऊंच्या कानातलं दार करकरलं, वीज गेली, सगळे माग एकदम गप्प झाले आणि भाऊंनी फोडलेली किंकाळी थेट चौकापर्यंत गेली. उजाडताच एक पहारेकरी सहानुभूतीनं विचारपूस करायला आला. "हूं," भाऊ म्हणाले. ते पुढचं प्रकरण ऐकत होते.

पण खरी पंचाईत इतिहासानं केली. संभाजीराजांवरची एक कादंबरी ऐकता ऐकता ती १६८१ च्या जानेवारीत येऊन ठेपली. म्हणजे बऱ्हाणपुरावर. राजांच्या फौजेनं अचानक झडप घालून बहादूरपुरा आणि आजूबाजूचे पुरे तीन दिवस लुटले, ही तीच स्वारी. पहिल्या दिवशी भाऊ मांडी थोपटत ऐकत होते. घोडदौड सुरू होती, आपली माणसं येत होती. दुसऱ्या दिवशी फौज पेठेत शिरली, व्यापाऱ्यांची दुकानं फुटू लागली आणि मांडी थोपटणारा हात हळूहळू गल्ल्यावर आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुपारीच शटर अर्धं ओढलं. मी विचारलं, "भाऊ, काय झालं?" बोंडं काढून ते कळवळून म्हणाले, "लुटणारे आपले, हे कबूल. पण लुटतायत ते आपलंच गाव की हो!" त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या अमलात इथं आले, म्हणजे लुटीनंतर शंभरेक वर्षांनी, असं मी समजावून पाहिलं. पटलं नाही. व्यापारी माणूस नुकसान आपल्या खात्यावर आधी लिहितो, तारीख मागाहून बघतो. पुण्यात बसून ऐकणाऱ्याला हा पेच कधी पडणार नाही. सीमेवरच्या माणसाला एका कानात विजय आणि दुसऱ्यात नुकसानभरपाई ऐकू येते.

पुढे २०२५ मध्ये संभाजीराजांवरचा 'छावा' सिनेमा आला आणि मार्चमध्ये आमच्या असिरगड किल्ल्याजवळच्या शेतांत मोगलांचं सोनं पुरलेलं आहे अशी अफवा उठली. माणसं रात्री टॉर्च, कुदळी घेऊन शेतं खणू लागली; देशभरच्या वाहिन्यांनी ते दाखवलं. तेव्हा गल्लीतली दोन पोरं भाऊंकडे आली. सिनेमा पावणेतीन तासांचा, भाऊंनी ऐकलेली कादंबरी त्याच्या कितीतरी पट लांब. जागा असलीच तर तिच्यात असणार, हा तर्क वाईट नव्हता. "काका, नेमकी जागा सांगितलीय का हो त्यात?" भाऊंनी डोळे मिटले, तर्जनीनं हवेत डावीकडे चार-पाच वळसे घेतले आणि म्हणाले, "तेवढ्यात मला डुलकी लागली होती रे." पोरं अजून मानतात की भाऊंना ठाऊक आहे.

डुलकीचं मात्र खरं आहे. रात्री ते झोपेचं घड्याळ लावून ऐकतात, आणि घड्याळाआधी स्वतःच बंद पडतात. यावरून गल्लीतल्या निवृत्त मास्तरांशी त्यांचा जुना वाद आहे. मास्तरांचं म्हणणं, ऐकलं म्हणजे वाचलं नव्हे. भाऊंनी एक दिवस हुकमाचं पान टाकलं: "ज्ञानेश्वरी तरी काय? माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ऐकून उतरवली." मास्तरांनी चष्मा पुसला. "हो. पण सच्चिदानंदबाबा घोरत नव्हते."

मी या वादात पडत नाही. मला एवढंच दिसतं की भाऊ आता "चांगलं" म्हणतात, च असा दाताशी लावून. गल्लीतले लोक हसतात, "भाऊ पुन्याचे झाले" म्हणतात. परवा जळगावच्या सोयऱ्यांचा फोन आला तेव्हा भाऊ पंचवीस मिनिटं बोलले, "अरेच्चा" आणि "बरं का" यांची पेरणी करत, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिलं ते जिल्ह्यात पहिला आलेल्या मुलासारखं.

गेल्या श्रावणात त्यांना वाटलं, आत्याबाईंनाही हे सुख द्यावं. बोंडं त्यांच्या कानात राहिनात, म्हणून फोन उशाशी ठेवून मोठ्या आवाजात एक गोष्ट लावली. मीही तिथं होतो. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या, सवयीनं मूठ मिटली. थोडा वेळ हुंकार दिला. मग म्हणाल्या, "थांब रे जरा. ती सून माहेरी का गेली?" माणूस वाचतच राहिला. "अरे, सून का गेली म्हणते मी!" तो पुढे. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर आत्याबाई भाऊंकडे वळल्या. "बंद कर मेल्याला. सांगतो झकास, पण ऐकत नाही."

फोन बंद झाला. आत्याबाई खाकरल्या आणि शुक्रवारची कहाणी त्यांनी स्वतःच सुरू केली. एकपट वेगानं, खरं तर पाऊणपट, कारण मधे पाणी प्यायल्या, मधे कुणा आतेबहिणीचं लग्न आलं, मधे बाहेरून जाणारी हातगाडी कुणाची ते विचारून झालं. भाऊंचं बोट एकदा हवेत उचललं गेलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.

"हूं," भाऊ म्हणाले. मग "हूं". मग बराच वेळ काहीच नाही.

आत्याबाई थांबल्या. मान त्या बाजूला वळवून घोरणं नीट ऐकून घेतलं.

"झोपलास? झोप. पण सांगून ठेवते, उद्या मागचं परत सांगणार नाही हो मी."