सगळं शेतीचंच! नवख्यांसाठी करविद्या

परभणी-जिंतूर रस्त्याला झरीत नवं दुकान टाकलंय, आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी कानात सांगितलं की आता इन्कमटॅक्सवाले येणार? मग हे मार्गदर्शन तुमच्यासाठीच आहे. इथं सांगितलंय तसंच करत गेलात तर नोटीस घरपोच मिळेल, हेलपाटा वाचेल.

मूळ मंत्र एकच: पैसा कुठूनही येवो, तो शेतीचा म्हणायचा. 1961च्या आयकर कायद्यानं शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवलं, 2025च्या नव्या कायद्यानंही ते तसंच ठेवलं. तेव्हा किराणा, दूध, ट्रॅक्टरचं भाडं, प्लॉटची दलाली, सगळं सोयाबीनच्या पोत्यात कोंबा. दूधविक्री ही शेती नाही, असं सीए म्हणेल. त्याला विचारा, म्हैस काय खाते? कडबाच ना? दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टर घातला तर ते भाडं धंद्यात धरतात म्हणे. पण चाक तर रानातच फिरलं!

अडचण एवढीच, की सातबारा बोलतो. दोन एकर कोरडवाहू आणि रिटर्नमध्ये शेतीचे 18 लाख, असं दिसलं की साहेबांना तुमच्या बियाण्याचं वाण विचारावंसं वाटतं. मग ते आडत्याची पट्टी मागतात. ती तुम्ही चहाच्या कपाखाली घातलेली असते. शिवाय धंद्याचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं आणि शेतीचं 5,000च्या वर असलं, तर कराचा दर ठरवताना शेतीही मोजतात. हे वाक्य वाचून लगेच विसरा.

खरी सूट आहे तिथं मात्र आपण गप्प. परभणीची लोकसंख्या एक लाखाच्या वर आणि दहा लाखांच्या आत, म्हणून शहराच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली तर नफ्यावर कर नाही. झरी त्याच्या बरीच पलीकडे. पण हेच रान एनए करून, तुकडे पाडून विकलं की हा हिशोब लागू नाही. अर्थात प्लॉटिंगच्या फलकावरसुद्धा कणसाचं चित्र काढता येतंच.

आता क्यूआर कोड. तो आजच फाडा. जुलै 2025 मध्ये कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि बेंगळुरूत 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. आपण काय मागे राहायचं? मालाची विक्री वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही, हे कुणाला सांगू नका. आयकरात छोट्या धंद्याला वह्यांच्या कटकटीशिवाय अंदाजी नफा दाखवता येतो (आडत-दलालीला ही सोय नाही): रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के, बँकेतून आलेल्यावर किमान 6. म्हणजे 30 लाखांची विक्री रोखीत असेल तर नफा 2 लाख 40 हजार, फोनपेवर असेल तर 1 लाख 80 हजार. नफा खरंच जास्त झाला तर जास्तच दाखवायचा. पण या आकड्यांवर, दुसरं उत्पन्न नसेल तर, दोन्हीकडे कर शून्य. त्या शून्याच्या धाकानं कोड फाडायचा आणि नफ्याचा आकडा 60 हजारांनी वाढवून घ्यायचा, याला हिंमत लागते.

'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे ऐकून रिटर्नही भरू नका. नव्या पद्धतीत उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावं लागतं आणि बारा लाखांची ती सूट त्या रिटर्नमध्येच मिळते, हा बारीक अक्षरातला मजकूर. पुढं कर्जासाठी बँकेनं तीन वर्षांची रिटर्नं मागितली की मॅनेजरला सोयाबीनचं पीक दाखवायला न्या.

भांडवल कमी पडलं तर मेहुण्याकडून 50,000 रोख उसने घ्या. 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं उसनी घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दोघंही शेतीवर जगणारे असाल आणि कुणाचंच करपात्र उत्पन्न नसेल, तर माफ. मेहुणा जिल्हा परिषदेत मास्तर असेल तर ही माफी गेली, आणि बहुधा त्याच्याशी बोलणंही.