शून्य आणि गैरहजर

परीक्षेला बसून शून्य मिळणं वेगळं, परीक्षेलाच न जाणं वेगळं. चौथीतल्या पोराला हे कळतं, जावास्क्रिप्टला कळत नाही. गुण नसतील तिथे ‘गैरहजर’ छापायला प्रोग्रामर वर्षानुवर्षं दोन उभ्या दांड्यांचा ‘ऑर’ वापरत आले. डावी बाजू ‘खोटी’ ठरली की तो उजवी देतो. म्हणून गुणांच्या जागी शून्य असलं तरी ‘गैरहजर’च छापलं जातं, कारण या भाषेच्या लेखी शून्य, रिकामी स्ट्रिंग, नल आणि अनडिफाइन्ड सगळेच ‘खोटे’. रिकामी यादी मात्र ‘खरी’! रात्रभर अभ्यास करून नापास झालेल्या मुलाला आपण आलोच नव्हतो असं वाचावं लागणं, हा अन्याय आहे.

1995 च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. ती जावासारखी दिसली पाहिजे, असा वरून आग्रह होता. त्यामुळे ‘इथे काही नाही’ म्हणणारा, जावाच्या वळणाचा नल आला, आणि किंमतच न दिलेल्या व्हेरिएबलसाठी अनडिफाइन्डही राहिला. नाही म्हणायला दोन शब्द झाले, तर त्यांचे अर्थ तरी नीट वाटून द्यायचे! नलचा आकडा केला तर शून्य येतो, अनडिफाइन्डचा केला तर ‘हा आकडाच नव्हे’ असं उत्तर येतं. डेटा जेसन या मजकूर-रूपात बदलताना ऑब्जेक्टमधला अनडिफाइन्ड नावासकट गळतो, यादीतला नल होऊन बसतो.

सगळ्यात चीड येते ती तुलनेची. नल शून्याइतका आहे का? नाही. शून्यापेक्षा मोठा? नाही. मोठा किंवा तितकाच? हो. लहानमोठं ठरवताना भाषा नलचं शून्य करते, बरोबरी तपासताना करत नाही. एकाच घरात दोन कायदे.

नलचा प्रकार विचारला तर ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर येतं. पहिल्या आवृत्तीत ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नलही शून्यच होता, म्हणून ही गल्लत. सुधारायचा प्रस्ताव आला, पण चालू संकेतस्थळं मोडतील म्हणून बारगळला. हे कारण मला पटतं. जुनं घर राहत्या माणसांसकट पाडता येत नाही.

पण नवं कोड लिहिणाऱ्याला ही सबब नाही. 2020 च्या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांची खूण आली. ती फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच पर्याय देते, शून्याला हात लावत नाही. ज्यांच्या कोडमधून कुणाची गुणपत्रिका, कुणाचा पगार, कुणाचा रक्ताचा अहवाल जातो, त्यांनी आजच त्या दोन उभ्या दांड्या शोधा. जिथे शून्याला अर्थ आहे, तिथे त्या काढून दोन प्रश्नचिन्हं घाला.