लॉग उघडा, फोन लावा

ऑनलाइन अभ्यासक्रम कसा चालला, असं विद्यापीठाला विचारलं की आकडे येतात: लॉगिन इतकी, व्हिडिओ इतके, तास इतके. हे उत्तर मला मान्य नाही. कोणतं पान कुणी कधी उघडलं, याची मूडलसारखी ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली चोख नोंद ठेवते. ते वाचलं का, वाचलेलं समजलं का, हे त्या नोंदीत नसतं. ज्याचं नेट पॅक रोज संपतं, तो मुलगा मित्राकडून व्हॉट्सॲपवर पीडीएफ मागवून अभ्यास करतो. नोंदीत तो फिरकलेलाच नसतो.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं उदाहरण घ्या. वापराच्या नोंदी, गुण आणि आधीची शैक्षणिक कामगिरी यांवरून प्रत्येक विद्यार्थ्याला लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा दाखवणारी ‘कोर्स सिग्नल्स’ ही यंत्रणा त्यांनी उभारली. हे दिवे असलेले दोन किंवा अधिक विषय घेणारी मुलं शिक्षण अर्धवट सोडण्याचं प्रमाण बरंच कमी आहे, असा दावा झाला. जगभर कौतुक झालं. २०१३ मध्ये शिक्षण-तंत्रज्ञान क्षेत्रातले माइक कॉलफिल्ड आणि आल्फ्रेड एसा यांनी साधा प्रश्न विचारला: दोन विषय घेतले म्हणून मुलं टिकली, की टिकली म्हणूनच दोन विषय घेऊ शकली? पहिल्याच सत्रात घरी गेलेल्याला दुसरा विषय मिळणार कुठून? दिव्यांऐवजी चॉकलेटं वाटली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब एसांनी मांडला. चॉकलेटंही तितकीच गुणकारी दिसली! एवढं मोठं विद्यापीठ, आणि कारण कुठलं, परिणाम कुठला, हेच तपासायचं राहिलं.

आपल्याकडे यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून घेता येतात. म्हणजे ऑनलाइन शिकणं नोंदींवरून जोखायचं का, हा प्रश्न आता आपल्या दारात आहे. वापराच्या आकड्यांवर प्राध्यापकाचं मूल्यमापन होऊ लागलं, तर एका पीडीएफचे दहा तुकडे करून क्लिक दसपट करता येतात. त्यातून शिकवणं कणभरही सुधारत नाही. विद्यार्थ्याला लॉगिनचे गुण दिले, तर तो व्हिडिओ लावून जेवायला जाईल. दोष त्याचा नाही, मोजणाऱ्याचा आहे.

या नोंदींचा एक उपयोग मात्र खरा आहे, आणि तोच आपण करत नाही. तीन आठवडे जो एकदाही आत आला नाही, त्याचं नाव त्यात सापडतं. तो आजारी असेल, कामाला लागला असेल, घरातला एकुलता एक फोन धाकट्या बहिणीकडे असेल. कारण लॉग सांगणार नाही, विद्यार्थीच सांगेल. अभ्यासक्रम कसा झाला हे ठरवायचं तर उत्तरपत्रिका वाचा, मुलांशी बोला, वर्गात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारून पाहा.

महाविद्यालयांतल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांच्या (आयक्यूएसी) समन्वयकांना विनंती आहे: अहवालातला लॉगिनचा तक्ता यंदा वगळा. त्याच्या जागी न आलेल्यांपैकी किती जणांना फोन केला आणि किती जण परत आले, हे लिहा.