अष्टकवाले सर

नववी-दहावीच्या क्लासचे हे सर गावोगावी भेटतात. खिशाला दोन पेनं, बाहीला खडूची भुकटी आणि दर वाक्याच्या शेवटी "लिहून घ्या". संयुजा हा त्यांच्या हातचा मळ. "सोडिअम दोन, आठ, एक. तो एक देऊन टाकला की अष्टक पूर्ण! क्लोरीन दोन, आठ, सात. एक घेतला की अष्टक पूर्ण! दोघांची संयुजा एक. झालं मीठ!" आणि चिमूटभर हवा पहिल्या बाकावर भुरभुरवतात.

ॲल्युमिनिअमची संयुजा तीन, ऑक्सिजनची दोन. सर दोन तिरके बाण मारतात, आकडे अदलाबदल होऊन पायाशी बसतात: ॲल्युमिनिअम दोन, ऑक्सिजन तीन. "डोकं चालवू नका, बाण चालवा." बाण बरोबरच लागतो, हे कबूल केलंच पाहिजे.

पंचाईत करतं ते लोखंड. हिराकशीत त्याची संयुजा दोन, गंजात तीन. मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारतेच, "सर, एकालाच दोन संयुजा कशा?"

"फेरस दोन, फेरिक तीन. पाठ कर. एवढं खोलात विचारत नाहीत."

खोल असं त्यात फार नाही. लोखंडाची कवचं २, ८, १४, २. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन आधी जातात. पण आतल्या कवचातल्या काहींची ऊर्जा त्यांच्या आसपासच असते, म्हणून तिसराही निघू शकतो. सरांची अडचण वेगळी आहे. फळ्यावर चौदा लिहिले की आठाची पुण्याई संपते! फॉस्फरसला पाच क्लोरीन चिकटलेले दाखवा, म्हणजे त्याच्याभोवती दहा इलेक्ट्रॉन. सर म्हणतील, छपाईची चूक.

राजवायूंवर तर त्यांची श्रद्धा. अष्टक भरलेलं, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. १९६२ साली नील बार्टलेट यांनी कॅनडात झेनॉनचं संयुग करून दाखवलं. ही बातमी सरांपर्यंत पोचलीय की नाही कोण जाणे, पण पोचली तरी उत्तर ठरलेलं आहे: "बोर्डाला चालत नाही."

तुमचं पोर या क्लासला असेल तर काढू नका. मार्क तिथेच मिळतात. फक्त सुट्टीच्या दिवशी एखादा गंजका खिळा त्याच्या हातात द्या आणि तिसरा इलेक्ट्रॉन कुठून गेला ते विचारा.